ऑफिसमध्ये आपोआप धावणारी छोटी रेल्वे: फळी, रूळ, सेन्सर आणि रोजची काळजी

घरची मॉडेल ट्रेन चालते तेव्हा तुम्ही समोर बसलेले असता. ऑफिसमधली चालते तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये असता, समोर असतो कोणीतरी पाहुणा किंवा चहा घेऊन उभा असलेला अकाउंट्सचा माणूस, आणि गाडी अडकली तर त्याला काय करायचं ते माहीत नसतं. म्हणून ऑफिससाठी गाडी करताना पहिला विचार थांबण्याचा करायचा. कुठे थांबणार, सेन्सर चुकला तर कशाने थांबणार, लाइट जाऊन आली तर कुठून सुरू होणार, हे आधी ठरवायचं आणि मग रूळ विकत घ्यायचे. खाली जे लिहितोय ते सगळं याच हिशोबाने आहे.

नाशिकमध्ये रेल्वेचं वेड असलेली माणसं शोधायला लागत नाहीत. पंचवटीने अपडाऊन केलेला एक तरी माणूस प्रत्येक ऑफिसात सापडतो, इगतपुरीला इंजिन बदलायची वाट बघत वडापाव खाल्लेले लोक आहेत, कसाऱ्याहून वर चढताना मागे बँकर (गाडीला ढकलणारी जादा इंजिनं) लागतात हे इथल्या पोरांनाही माहीत असतं. त्यामुळे गाडी लावली की लोक बघणार, हात लावणार, प्रश्न विचारणार हे गृहीत धरा.

गोल की सरळ

बहुतेक जण गोल ट्रॅकने सुरुवात करतात कारण सेटमध्ये तोच येतो. ऑफिसात गोल ट्रॅकला जागाच नसते. एन स्केलमध्ये (मॉडेलचं एक लहान माप, पुढे सांगतो) 249 मिमी त्रिज्येचा वळणाचा रूळ घेतला तरी गोलाची रुंदी अर्धा मीटर होते, आणि अर्धा मीटर खोल टेबल कोणी रिकामं सोडत नाही. त्यापेक्षा पार्टिशनवर किंवा खिडकीखाली सहा इंच रुंदीची लांब फळी मारा आणि गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येऊ द्या. याला शटल म्हणतात. सांधे कमी, वळण नाही, रूळ बदलायचा सांधा नाही, म्हणजे गाडी घसरायची कारणं निम्म्याच्या वर तिथेच संपली.

लांबी किती? चार फुटी वर्कस्टेशनची चारची रांग असेल तर सोळा फूट मिळतात, आणि सोळा फूट मस्त आहेत. आठ फुटांत पण होतं पण मजा येत नाही, का ते पुढे हिशोबात दिसेल.

एन स्केलच का

एचओ म्हणजे 1:87, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. एन म्हणजे 1:160, अंतर 9 मिमी. आपला जुना निळा आयसीएफ डबा खरा 21.3 मीटर लांब असतो, तो एचओमध्ये साडेचोवीस सेंटीमीटर होतो आणि एनमध्ये तेरा. इंजिन आणि तीन डबे धरले तर एचओची गाडी मीटरभर होते, एनची अर्ध्या मीटरच्या थोडी वर. फळी तेवढीच, त्यामुळे एनमध्ये गाडीला धावायला जागा उरते.

वेगाचंही तसंच. ताशी 60 किमी हा खरा वेग एनमध्ये सेकंदाला साधारण 10.4 सेंटीमीटर होतो, एचओमध्ये 19. म्हणजे एनची गाडी खऱ्यासारखी दिसेल अशा वेगाने चालवली तरी ती नजरेसमोर जवळजवळ दुप्पट वेळ राहते. लोकांना हळू जाणारी गाडीच आवडते, सुसाट पळवली की खेळणं वाटतं.

अडचण एकच, भारतीय इंजिनं आणि डबे एनमध्ये सहज मिळत नाहीत. जपानी किंवा युरोपियन गाडी घ्यावी लागते, आणि ज्याला हौस आहे तो नंतर डबे निळे रंगवून घेतो. घेताना दोन गोष्टी बघा. इंजिन साधं अॅनालॉग डीसी हवं, आत डिजिटल डीकोडर असेल तर आपण देणार तो पीडब्ल्यूएम सप्लाय (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारा) त्याला झेपत नाही, ते वेडंवाकडं चालतं. दुसरं म्हणजे बाजारात सेलवर चालणाऱ्या प्लास्टिक रुळाच्या गाड्या मिळतात त्या या कामाच्या नाहीत, त्यांची वीज रुळातून येतच नाही त्यामुळे रुळातून कंट्रोल करता येत नाही. बाहेरून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी धरून बजेट काढा, कारण खर्चाचा मोठा भाग गाडी आणि रूळच खातात, इलेक्ट्रॉनिक्स सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसतं.

ज्यांना आधी बघून ठरवायचंय त्यांनी पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे ते बघून यावं, एका दिवसात जाऊन येता येतं आणि ऑटोमॅटिक चालणारी गाडी म्हणजे काय ते डोळ्याला कळतं.

फळी

बारा मिमीचा चांगला प्लाय घ्या. वखारीत आठ बाय चारच्या शीटमधून सहा इंचाच्या दोन पट्ट्या कापून मागा. एमडीएफ घेऊ नका, स्वस्त आणि गुळगुळीत असतो पण पावसाळ्यात कडा फुगतात आणि रुळाचा सांधा वर उचलला जातो. प्लायला पण सगळ्या बाजूंनी प्रायमर आणि ऑइलपेंट मारा, कापलेल्या कडा आणि खालची बाजू विसरू नका, दमट हवा तिथूनच शिरते.

ब्रॅकेट दीड-दीड फुटावर. फळी लेव्हलला हवी, स्पिरिट लेव्हल लावून बघा. थळ घाटासारखा चढ करायचा मोह होतो, तिथला खरा चढ 37 ला 1 आहे, सोळा फुटांत तो तेरा सेंटीमीटर होतो आणि दिसायला भारी दिसेल. पण चढावर हलकं इंजिन घसरतं आणि उतारावर तीच गाडी थांबायच्या जागेच्या पुढे जाते, रोज एकाच ठिकाणी थांबणं अशक्य होऊन बसतं. सपाट ठेवा.

आवाजाचं बघा. पार्टिशन आतून पोकळ असतं, त्यावर सरळ फळी मारली आणि फळीवर सरळ रूळ ठोकले की सगळं मिळून ढोलकीसारखं वाजतं आणि शेजारी बसणारा तिसऱ्या दिवशी तक्रार करतो. रुळाखाली 5 मिमी कॉर्क किंवा योगा मॅट कापून घाला, रूळ खिळ्याने ठोकू नका, थोडासा सिलिकॉन लावून बसवा. ब्रॅकेट आणि फळीच्या मध्ये रबरी वॉशर टाका.

फळीच्या पुढच्या कडेला दोन इंच उंचीची पारदर्शक अॅक्रिलिक पट्टी लावाच. खाली माणसं बसलेली असतात. इंजिन छोटं असलं तरी धातूचं वजन असतं, डोक्यावर किंवा लॅपटॉपवर पडलं तर त्याच दिवशी प्रोजेक्ट बंद होणार. अॅक्रिलिक कापून द्यायला नंबरप्लेट-बोर्ड करणारे तयार असतात, सातपूर-अंबडला लेझर कटिंगवाल्यांकडे पण होतं.

जागा निवडताना एसीच्या तोंडाखाली नको, पाणी ठिबकतं. पश्चिमेच्या खिडकीला पण नको, दुपारचं ऊन सरळ रुळावर येतं.

रूळ आणि टोकाचे मेलेले तुकडे

बेस असलेले निकेल सिल्व्हरचे रूळ घ्या, पितळेचे नको, पितळेवर काळा थर चढला की वीज जात नाही. मी हिशोब कातो या जपानी कंपनीच्या 248 मिमीच्या सरळ तुकड्यावर धरतोय. सोळा फुटांत असे 19 तुकडे बसतात, म्हणजे 4.71 मीटर, आणि दोन्ही टोकांना बफरला (गाडी अडवणारा शेवटचा ठोकळा) थोडी थोडी जागा उरते.

आता हा भाग नीट वाचा, बाकी सगळं यावर उभं आहे.

दोन्ही टोकांना रुळाचा शेवटचा भाग विजेच्या दृष्टीने वेगळा करायचा. दोनपैकी एकाच रुळाचा जोड काढून तिथे प्लास्टिकचा इन्सुलेटेड जॉइनर घालायचा आणि त्या फटीवर 1N4007 डायोड सोल्डर करायचा (दुकानात वन एन चार हजार सात म्हणा, रुपया-दोन रुपयाला मिळतो). डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. गाडी टोकाकडे येत असताना डायोड अडवतो, त्यामुळे इंजिन त्या भागात शिरलं की वीज गेली आणि गाडी थांबली. उलट दिशेची वीज दिली की डायोड सोडतो आणि गाडी बाहेर येते. यात ना प्रोग्राम ना सेन्सर. कंट्रोलर हँग झाला, कोणी वायर ओढली, काहीही झालं तरी गाडी टोकावरून खाली जात नाही. डायोड कुठल्या तोंडाने लावायचा यात गोंधळ झाला तर लावून बघा, गाडी टोकाला न थांबता पुढे गेली तर उलटा करा, हे तपासताना टोकाला हात धरून ठेवा.

या मेलेल्या भागाची लांबी दोन्हीकडे सारखी ठेवून चालत नाही. शटलमध्ये इंजिन कायम एकाच बाजूला असतं, समजा नाशिक रोडच्या बाजूला. त्या दिशेने जाताना इंजिन पुढे असतं, ते लगेच मेलेल्या भागात शिरतं, तिथे एक तुकडा म्हणजे 248 मिमी पुरतो. परत जाताना मात्र इंजिन मागे असतं आणि डबे ढकलतं. तिन्ही डबे मेलेल्या भागात गेले तरी मागच्या इंजिनाला वीज मिळतच असते. इंजिन 12 सेंटीमीटर, तीन डबे 40, जोड धरून गाडी 54 सेंटीमीटर. इंजिनाची सगळी चाकं आत येईपर्यंत गाडीचं तोंड 54 सेंटीमीटर पुढे गेलेलं असतं, वर थोडी घसरण. म्हणून त्या टोकाला तीन तुकडे, 744 मिमी. हे न करता दोन्हीकडे सारखंच ठेवलं तर डबे बफरला जाऊन धडकतात आणि इंजिन मागून रेटत राहतं.

तुमची गाडी लोकलसारखी असेल, मोटर मधल्या डब्यात, तर मोटरचा डबा दोन्ही टोकांपासून किती लांब आहे ते मोजून दोन्हीकडे तेवढा भाग सोडा.

आता बघा, दोन्ही टोकं वजा जाऊन आणि थांबायची थोडी जागा सोडून सोळा फुटांच्या फळीवर इंजिन खरं धावतं साडेतीन मीटरच्या आसपास. ताशी 60 च्या हिशोबाने अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर. आठ फुटांच्या फळीवर हेच एक मीटर उरतं, दहा सेकंदांत खेळ खलास. म्हणून सोळा फूट.

टोकाला बफरवर स्पंजचा तुकडा चिकटवा. रुळाला वायर मधल्या जिवंत भागात दोन ठिकाणी जोडा, प्रत्येक सांध्यात थोडं व्होल्टेज पडतं आणि पावसाळ्यात जास्त पडतं.

कंट्रोल बॉक्स

सामान असं: आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), टीबी6612 मोटर ड्रायव्हर (नॅनोच्या इशाऱ्याने रुळाला वीज देणारा), 12 व्होल्ट 2 अँपिअरचा चांगल्या कंपनीचा अॅडॉप्टर, नॅनोला 5 व्होल्ट द्यायला छोटा बक कन्व्हर्टर, डीएस3231 घड्याळाचं मोड्यूल, चार हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की ओळखणारे), एक पुश बटण, एक लाल एलईडी, आणि रुळाकडे जाणाऱ्या वायरमध्ये अर्धा अँपिअरचा पॉलीफ्यूज (बदलावा न लागणारा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज). एमजी रोडच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बरंचसं मिळतं, न मिळालं तर ऑनलाइन.

दुकानदार एल298 ड्रायव्हर हातात देईल कारण तो सगळ्या कॉलेजच्या प्रोजेक्टला जातो. तो चालतो, पण त्यात दोन व्होल्टच्या आसपास आतच खपतात आणि तो तापतो. टीबी6612 मध्ये तो त्रास नाही, फक्त मोटरचा सप्लाय 15 व्होल्टच्या वर कधीच जाऊ द्यायचा नाही, म्हणून जुना लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अॅडॉप्टर पडलाय तो वापरू असं करू नका. ड्रायव्हरची स्टँडबाय पिन नॅनोच्या एका पिनवर घ्या आणि दहा किलोओहमने ग्राउंडला ओढून ठेवा, मग नॅनो चालू होताना गाडी झटका घेत नाही.

नॅनोचा पीडब्ल्यूएम पिन 9 वर मुळात 490 हर्ट्झला चालतो आणि मोटर तेवढ्या फ्रिक्वेन्सीला गुणगुणते, शांत ऑफिसात ते कानाला लागतं. प्रोग्राममध्ये टायमर एकचा प्रीस्केलर (त्याची गती कमी करणारा भाजक) 1 केला की फ्रिक्वेन्सी 31 किलोहर्ट्झला जाते आणि आवाज बंद. बदल्यात अगदी कमी वेगाला मोटरची ताकद थोडी कमी होते, त्यामुळे गाडी सुटण्यासाठी सुरुवातीचा पीडब्ल्यूएमचा आकडा वाढवावा लागतो. मला तो सौदा मान्य आहे, ऑफिसात शांतता पहिली.

घड्याळाच्या मोड्यूलबद्दल एक सांगायलाच हवं. डीएस3231 खूप अचूक आहे, वर्षाला मिनिटभर इकडेतिकडे, पण त्याच्या स्वस्त निळ्या मोड्यूलमध्ये सेल चार्ज करायचं सर्किट असतं आणि लोक त्यात साधा सीआर2032 सेल घालतात जो चार्ज करायचाच नसतो. चार्जिंगचा छोटा डायोड किंवा त्याच्या लाइनमधला रेझिस्टर काढून टाका. वर्षभर विनादेखरेख चालणाऱ्या वस्तूत हे सोडून देऊ नका.

सेन्सर

इन्फ्रारेड सेन्सर सोपे वाटतात पण खिडकीतून ऊन आलं की फसतात. हॉल सेन्सर आणि चुंबक घ्या. ए3144 हा सगळीकडे मिळतो, त्याला किमान साडेचार व्होल्ट लागतात म्हणून 3.3 व्होल्टच्या ईएसपी32 बोर्डाबरोबर तो जमत नाही, नॅनोबरोबर जमतो. आउटपुटला पुलअप (लाइन 5 व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) लागतो, नॅनोचा आतला पुलअप चालू केला तरी भागतं.

चुंबक 5 मिमी व्यासाचा 2 मिमी जाडीचा, इंजिनाला लागून असलेल्या डब्याच्या पोटाला चिकटवा. हा सेन्सर चुंबकाच्या एकाच बाजूला ओळखतो, म्हणून चिकटवण्याआधी हातात धरून तपासा कुठली बाजू खाली हवी. दोन स्लीपरच्या मध्ये खाच करून सेन्सर वर आणा, चुंबक आणि सेन्सरमध्ये तीन-चार मिमीच अंतर राहायला हवं.

प्रत्येक बाजूला दोन सेन्सर: पहिला वेग कमी करायचा, दुसरा थांबायचा, मध्ये 40-50 सेंटीमीटर. थांबायचा सेन्सर असा लावा की इंजिन मेलेल्या भागाच्या आधीच उभं राहतं, डायोड फक्त अडचणीच्या वेळी कामाला यावा. सेन्सरच्या वायरी रुळाच्या वायरींपासून लांब न्या, पीळ देऊन, आणि प्रत्येक सेन्सरपाशी 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा.

प्रोग्राममध्ये काय हवं

कोड प्रत्येकजण आपापला लिहितो पण इतकं असलंच पाहिजे. वेग हळूहळू वाढवा, हळूहळू कमी करा, दोन-तीन सेकंद घ्या. फेरीला साधारण 45 सेकंद लागत असतील तर 60 सेकंदांची मर्यादा घाला, तेवढ्यात पलीकडचा सेन्सर लागला नाही तर रुळाची वीज बंद, लाल एलईडी चालू, आणि माणसाने बटण तीन सेकंद दाबेपर्यंत काहीही करायचं नाही. आपोआप पुन्हा प्रयत्न करायला लावू नका, घसरलेल्या गाडीची चाकं तिथेच फिरून मोटर जळते. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर नॅनो आपोआप रीसेट करणारा टायमर) चालू ठेवा.

लाइट जाऊन आली की गाडी कुठे आहे ते नॅनोला माहीत नसतं. तेव्हा हळू वेगाने नाशिक रोडच्या बाजूला न्यायची. सेन्सर लागला तर झालं. नाही लागला तर ती कदाचित आधीच मेलेल्या भागात उभी असेल आणि डायोडने अडवली असेल, म्हणून वेळ संपल्यावर एकदा उलट दिशेने पाठवायची, पलीकडचा सेन्सर लागला तर सगळं ठीक, तोही नाही लागला तर लाल दिवा.

गाडी दिवसभर पळवू नका. छोट्या मोटरचे ब्रश झिजतात आणि लोकांचं लक्षही उडतं. अकराच्या आणि चारच्या चहाला एकेक फेरी घड्याळाने, आणि मध्ये कोणाला बघायची असेल तर बटण, पण बटणाला पाच मिनिटांचं बंधन घाला. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी सातनंतर काही नाही. चारची गाडी सुटली की चहाला उठायचं अशी सवय लागते लोकांना, आणि ते बघायला फार छान वाटतं.

साफसफाई

गाडी अडखळायला लागली की दहापैकी नऊ वेळा धूळ असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिस्टकडे मिळतं, ते सुती कापडावर घेऊन रूळ पुसा, उन्हाळ्यात आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी. सँडपेपर कधीच नको, ओरखड्यात घाण आणखी बसते. चाकं पुसायला तेच कापड रुळावर आडवं टाका, इंजिनाची एक बोगी कापडावर आणि एक उघड्या रुळावर ठेवून हाताने धरा आणि वीज द्या, चाकं स्वतःच फिरून साफ होतात, मग बाजू बदला. तेल महिन्या-दोन महिन्यांनी, प्लास्टिकला चालणारं, सुईच्या टोकावर येईल तेवढंच.

ऑफिस साफ करणाऱ्या मावशींशी पहिल्याच दिवशी बोला. मी सरळ म्हणतो, "मावशी, ही पट्टी सोडून बाकी सगळं पुसा, हिला फक्त मी हात लावणार," आणि एकदा गाडी चालवून दाखवतो. काच पुसायचा स्प्रे रुळावर उडाला की चिकट थर बसतो, हे त्यांना सांगितलं की त्या स्वतःच जपतात आणि दुसऱ्यांनाही दटावतात.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला ऑफिसात सगळ्या मशिनींची पूजा होते, तेव्हा गाडीलाही फूल वाहणार, वाहावंच. फक्त हळदकुंकू फळीच्या कडेला लावा, रुळावर आणि इंजिनाच्या चाकांना नको, आणि उदबत्ती लांब ठेवा. दुसऱ्या दिवशी पाकळ्या काढून एकदा अल्कोहोलने पुसून मगच चालू करा.

सुरू करायच्या आधी

अॅडमिनला सांगून एका वेगळ्या स्विचवर अॅडॉप्टर लावा, शेवटचा माणूस दिवे बंद करताना तो पण बंद करेल असा. यूपीएसवर लावू नका. फळीवर 12 व्होल्टच्या वर काहीही जाऊ देऊ नका, 230 व्होल्टचा प्लग खालीच राहू दे.

मग एक आठवडा तुम्ही समोर असताना चालवा. मुद्दाम सेन्सरची वायर काढून बघा गाडी डायोडवर थांबते का, मध्येच स्विच बंद करून चालू करा, गाडी हाताने अडवून बघा 60 सेकंदांनी वीज जाते का. हे तिन्ही झाल्याशिवाय बटण कोणाला दाखवू नका.

शेवटी कंट्रोल बॉक्सच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: कुठली वायर कुठे, फ्यूज किती, लाल दिवा लागला तर काय करायचं, आणि ऑफिसातल्या आणखी एका माणसाचं नाव ज्याला हे सगळं येतं. तो माणूस तयार करायला एक दुपार काढा, सोल्डरिंग आयर्न त्याच्या हातात द्या, एक सेन्सर त्यालाच बसवू द्या.